शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत

शुक्रवार, डिसेंबर

पुण्यात आज सूर्यास्त सहाच्या आसपास. जूनअखेरीस हाच सव्वासातला जातो. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरात शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला सुटतो, त्यामुळे उन्हाळ्यात ऑफिसातून आल्यावरही हाताशी तासभर असतो आणि हिवाळ्यात नेमका तोच नसतो. नागपूरकडे तर या दिवसांत जवळजवळ अर्धा तास आधीच मावळतं, म्हणून पुण्याची वेळ तिकडे चालत नाही. बहुतेक मराठी ख्रिस्ती, म्हणजे वसईचे कॅथलिक किंवा नगरकडचे प्रोटेस्टंट, रविवार पाळतात. त्यांना हा हिशेब करावा लागत नाही.

शब्बाथ मोडतो तो सहसा शनिवारी नाही, शुक्रवारी दुपारी. आणि शुक्रवार बिघडतो तो बुधवार-गुरुवारच्या आळसामुळे.

मटकीचंच बघा. उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी भिजत घातली, रात्री फडक्यात बांधली की शुक्रवारी दुपारपर्यंत बोटभर मोड. थंडीत तेवढ्यात नुसती फुगते. म्हणून डिसेंबरात बुधवारी सकाळी भिजवायची, कोमट पाण्यात, आणि बांधलेलं फडकं डब्यात झाकून ओट्यावर उबेला ठेवायचं. कपड्यांचंही तसंच. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी येतं ते उशिरा, कमी दाबानं. शनिवारचे चर्चचे कपडे बुधवारीच धुऊन वाळवले तर बरं; इस्त्री शुक्रवारवर ठेवली तरी चालते.

बायबलात निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे रानात देवानं दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायला सांगितलाय, माणशी दोन ओमर (तेव्हाचं माप). तो दुसऱ्या दिवशी नासला नाही. मे महिन्यातली आमटी मात्र नासते. शनिवारी चूल पेटवायची नाही, फार तर गरम करायचं, असं ठरवलं असेल तर पदार्थ टिकणारेच हवेत. दशम्या सगळ्यांत भरवशाच्या: दोन वाट्या कणीक, दोन चमचे तेल, मीठ, आणि पाण्याऐवजी साधारण एक वाटी दूध, लागेल तसं. आठ-दहा होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायच्या. गरम भरल्या की वाफ धरते आणि खालच्या चिकट होतात. सोबत बटाट्याची सुकी भाजी, तीही कांदा आणि ओलं खोबरं न घालता. उसळ शिजवून ठेवावी, खोबरं-कोथिंबीर शनिवारी वरून. भात शुक्रवारी करायचा असेल तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर बाहेर राहिलेला भात नुसता गरम करून निर्धोक होत नाही. उपासनेनंतर चर्चमध्ये प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, असेल तर डबा शाकाहारीच न्यायचा.

साडेपाचला काम थांबवावं, झालेलं असो वा नसो. पेट्रोल, बिलं, दशांशाचं (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं) पाकीट हे सगळं त्याआधी. पंधरा मिनिटं आधी घरचे एकत्र बसले की गीत, स्तोत्र, प्रार्थना निवांत होते. सूर्यास्ताच्या ठोक्याला कुकरची शिट्टी वाजत असेल तर प्रार्थनेतही कान तिकडेच. शब्बाथ शाळेचे, म्हणजे शनिवारी सकाळच्या बायबल वर्गाचे, धडे तिमाहीत तेरा, रोजचा भाग थोडाच असतो. आठवड्याचे भाग साठवून शुक्रवारी रात्री एकदम वाचणारे सकाळी वर्गात मान खाली घालून बसतात.

दहा आज्ञांतल्या यादीत तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं, वेशीतला परका, सगळ्यांना विसावा सांगितलाय. घरची बाई त्या 'तू'मध्येच आली, पण प्रत्यक्षात शुक्रवारी पहाटेपासून राबून शनिवारी उपासनेत पेंगते तीच. भांडी घासणं, दशम्या लाटणं, मुलांची दप्तरं आवरणं वाटून घेतलं नाही तर ही पाळणूक अर्धीच. कामवाल्या मावशींना शनिवारी पगारी सुट्टी द्यावी. आणि स्वयंपाक नको म्हणून मोबाइलवरून जेवण मागवणं? वेशीतला परकाच तो, फक्त दुचाकीवर.

गोठ्याला सुट्टी नसते. दूध काढावंच लागतं, नाहीतर कास दाटते, जनावर दुखावतं. मात्र शनिवारचं गवत आणि कुट्टी शुक्रवारीच कापून ठेवता येते. खड्ड्यात पडलेल्या मेंढराला शब्बाथ दिवशी बाहेर काढावं, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात येशूच सुचवतो. नर्स, डॉक्टर त्याच आधारावर ड्यूटी करतात. त्या दिवसाची कमाई काही जण दानात टाकतात.

नोकरीत राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यानं बराच सुटसुटीतपणा आला. खाजगीत आणि दुकानांत शनिवार भरायचाच असतो, तिथे मुलाखतीतच सांगावं. रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात सांगितलं की सबब वाटते. त्या बदल्यात रविवार किंवा सणाची पाळी आपणहून मागून घ्यावी. सहकाऱ्यांची कुरकुर त्यानंच थांबते. परीक्षेचं अवघड. वेळापत्रक लागल्याच्या आठवड्यातच पाळकांचं पत्र जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हॉल तिकीट हातात पडल्यावर कोणी तारीख बदलत नाही. अर्ज नामंजूर होण्याची शक्यता धरून पुढच्या सत्रात तो पेपर कोणत्या वारी येऊ शकतो, तेही आधीच विचारून ठेवलेलं बरं.