साडीवरचं ठिगळ

जळगावला माझं छोटं वर्कशॉप आहे. कॅलिपर म्हणजे कमजोर पायाला बाहेरून आधार देणारा सांगाडा, स्प्लिंट, कृत्रिम पाय असं सगळं बनवतो, सोळा वर्षं झाली. मागच्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट आहे पण डोक्यातून जातच नाही म्हणून आज लिहायला बसलो.

पारोळ्याकडच्या एका गावातून एक ताई आल्या, चाळिशीच्या, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. डावा पाय पोलिओचा. दोन वर्षांच्या असताना ताप आला आणि पाय गेला, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांची गोष्ट अशीच सुरू होते. सगळ्यांना वाटतं पोलिओ संपला, आणि ते खरंच आहे, देशातली शेवटची केस जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडली आणि २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण ज्यांना त्याआधीच झाला होता ती माणसं आहेतच ना, आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, शेतात राबतायत, आणि इतकी वर्षं सगळा भार ओढून त्यांचा चांगला पाय पण आता दुखायला लागलाय.

ताईंनी पिशवीतून जुना कॅलिपर काढला. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बेल्ट, गुडघ्याला लॉक, खाली बूट. कुठल्यातरी शिबिरात मिळालेला. सहा वर्षं खुंटीला टांगलेला, बुटाचा तळ कोराच्या कोरा. मी म्हटलं का नाही वापरत? तर म्हणे, "तो जड शे भाऊ, वावरमा चालस नही." बूट काळ्या मातीत रुततो, गुडघा लॉक केला की अख्खा पाय काठीसारखा ताठ, दोन ओळींमधून वळताच येत नाही. मला त्या कॅलिपरचं फार वाईट वाटलं, कारण बनवणाऱ्याने काम नीट केलं होतं, माप बरोबर होतं, फक्त ताई दिवसभर काय करतात हे त्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं.

मी चालायला लावलं. प्रत्येक पावलाला डावा पंजा मांडीवर दाबायचा, गुडघा मागे ढकलून ठेवायचा आणि मग उजवं पाऊल टाकायचं. मांडीचा पुढचा स्नायू जवळजवळ नसला की माणूस असंच चालतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, मी नोंद करून मोकळा झालो. मग त्या स्टुलावर बसल्या आणि माझं लक्ष साडीकडे गेलं. डाव्या मांडीवर बरोब्बर पंजाएवढी जागा झिजून विरलेली, आतून दुसऱ्या साडीचं ठिगळ, बारीक बारीक टाके घातलेले. बाकी साडी चांगली होती. मुलगा म्हणाला आईच्या सगळ्या साड्या तिथंच फाटतात.

मग बोलणं निघालं. ताई कापूस वेचायला जातात, मजुरी किलोवर. बाकीच्या बाया दोन्ही हातांनी वेचतात, यांचा डावा हात मांडीवरून हलूच शकत नाही, उभं राहायला पण तोच लागतो. त्या तीस-पस्तीस किलो करतात तिथे या पंधरा-सोळा. "चालणं राहू द्या भाऊ, मना हात मोकया करी द्या."

आमच्या धंद्यात हे नवीन नाहीये खरं तर. जयपूर फूट १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने बनवला तो याच विचारातून, की आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. हे सगळं मला माहीत होतं तरी मी ताईंना पाय तपासून झाल्यावर काम विचारलं.

जमिनीच्या उलट दाबावर चालणारा, फ्लोअर रिअॅक्शन टाइपचा कॅलिपर करायचं ठरवलं. यात मांडीपर्यंत काही नसतं. नडगीवर पुढून गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टिकचं कवच, घोटा पक्का, खाली तळव्याची पट्टी. पाऊल टेकून वजन पुढे आलं की चवडा जमीन दाबतो, जमीन उलट दाबते, आणि तो दाब नडगीवरच्या कवचातून गुडघ्याला मागे ढकलतो. म्हणजे जे हात करत होता तेच. बसताना गुडघा मोकळा वाकतो. फक्त गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा आणि कंबरेत ताकद हवी, ताईंचं दोन्ही चांगलं होतं. प्लास्टरचा साचा घेतला, पॉलिप्रॉपिलीनची पांढरी शीट ओव्हनमध्ये काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत तापवली, साच्यावर ओढली, आणि खान्देशातलं ऊन माहीत आहे म्हणून पोटरीकडे भरपूर भोकं पाडली. वर्कशॉपच्या फरशीवर ताई हात न लावता वीस पावलं चालल्या. मी खूश.

पण ठरवलं होतं वावरात जाऊन बघायचंच, म्हणून चार दिवसांनी सकाळी गेलो. ताईंनी कमरेला ओटी बांधली, पहिली ओळ चालल्या, दुसऱ्या ओळीत गुडघा गचकन वाकला आणि त्या सरीत पडल्या, ओटीतला कापूस मातीत सांडला. मी धावलो. लागलं नव्हतं पण माझे हातपाय गार पडले होते. आणि मग सँडल दिसली. जळगावला येताना त्या ठेवणीतली सँडल घालून आलेल्या, मी त्या उंचीवर सगळं सेट केलं. वावरातली सँडल जुनी, पाऊल कायम चवड्यावर पडत असल्याने पुढून पार झिजलेली, टाच जाड तशीच. म्हणजे टाच उंच, नडगी पुढे कलली, गुडघा सुटला. एवढ्याशा फरकाने सगळं फिरतं, आणि कामावरची चप्पल घेऊन या हे सांगायचं मीच विसरलो होतो.

डिक्कीत हॅकसॉ ब्लेड आणि रबर शीटचे तुकडे होते. बांधावर बसून टाच कापली, चवड्याखाली रबर लावलं, उन्हात सोल्युशन लगेच सुकलं. ताई उभ्या राहिल्या. चालताना डावा हात सवयीने मांडीकडे जायचा, अर्ध्यात थांबायचा, परत जायचा. सातव्या-आठव्या झाडाला तो हात बोंडाकडे गेला. पण त्याला वेचायची सवयच नव्हती, बोंडाची सुकी टोकं टोचून बोटं सोलली, कापूस अर्धा बोंडातच राहत होता. बाजूच्या ओळीतली म्हातारी सासू वेचता वेचता थांबली आणि काही न बोलता बघत राहिली.

संध्याकाळी काट्यावर एकोणीस किलो भरले. तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला, सत्तावीस.

पण त्याच फोनवर ताईंनी विचारलं की निंदणीला कसं करायचं, कारण घोटा पक्का असल्याने उकिडवं बसता येत नाही. घोटा मोकळा सोडला तर गुडघा सुटतो, पक्का ठेवला तर बसता येत नाही. बसताना सोडायचा आणि उठल्यावर परत अडकवायचा असा काहीतरी खटका हवा, तोही मातीत न अडकणारा आणि एका हाताने चालणारा. दोन नमुने केले, दोन्हीत माती गेली. तिसरा टेबलावर आहे. निंदणी पाऊस पडला की सुरू होते, तोवर जमवायचंय.