पोरं ऐकणार नाहीत म्हणे

जेवण झालं, भांडी झाली, तरी तेच डोक्यात फिरतंय. कारखान्यातल्या नव्या लाईनचं इनचार्जपद मला न देता दुसऱ्याला गेलं ते एकवेळ ठीक, तो कामाला चांगलाच आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सरांनी केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं ते घशाखाली उतरत नाहीये. "बघ, तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही, पण लाईनवरची पोरं दिंडोरी-पेठकडची, गावाकडची, बाईची ऑर्डर घेणं जड जातं त्यांना. उगाच तुलाच त्रास होईल." आवाज अगदी काळजीचा. मी "ठीक आहे सर" म्हणून बाहेर आले आणि वॉशरूममध्ये... जाऊ दे.

इतकी वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत राबून शेवटी हेच ऐकायचं होतं का, असं वाटत राहिलं संध्याकाळभर. आईला तर सांगितलंच नाही.

पोरं ऐकणार नाहीत. कोणती पोरं? शिफ्टला पहिला पीस तपासायला माझ्याकडे घेऊन येतात आणि मी ओके केल्याशिवाय मशीन चालवत नाहीत, ती? मागे बोअर ओव्हरसाईज निघाला, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं पडलं, म्हणून मी अख्खा लॉट थांबवला तेव्हा आमचे सेटरकाका, माझ्या बाबांच्या वयाचे, "ताई, ऑफसेट देतो, माप दुरुस्त करतो, परत बघा" एवढंच म्हणाले. भांडायला आले ते डिस्पॅचचे साहेब, वरच्या मजल्यावरून. आणि लाईनवरचा तो पेठचा मुलगा, वडील गेलेत त्याचे, पगार झाला की आईकडे देतो, शेतात काय लावायचं तेही आईच ठरवते. त्याला म्हणे बाईचं ऐकायची सवय नाही!

लष्करातल्या बायकांच्या केसमध्ये, बबिता पुनिया यांच्या, सरकारने सुप्रीम कोर्टात हेच तर मांडलं होतं, की जवान बहुतेक ग्रामीण भागातले, महिला अधिकाऱ्याचं कमांड मानायची त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही. तेच, अगदी तेच. कोर्टाने 17 फेब्रुवारी 2020 ला ते धुडकावलं, पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्या आणि कमांडसुद्धा बाई म्हणून सरसकट नाकारता येणार नाही असं सांगितलं. मग मे 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर, म्हणजे लढाऊ वैमानिक, झाल्या, त्या आपल्या नाशिकच्याच आर्मी एव्हिएशन स्कूलमधून. 2023 ला तोफखान्यातही महिला अधिकारी आल्या, ज्याचं स्कूल इथे देवळालीला. जवानांनी काय बंड केलं?

मला राग याचा येतोय की नको असतं वरच्यांना आणि नाव पुढे केलं जातं या पोरांचं, जी त्या केबिनमध्ये कधी पाय पण ठेवत नाहीत, ज्यांना कोणी काही विचारलेलंच नाही. माझा अपमान झाला तो झालाच, पण त्यांचाही झाला आणि त्यांना ते माहीतही नाही.

असो. ऑर्डर निघालीये, ती आता फिरत नसते, हे मला कळतं. नव्या लाईनचे माप तपासायचे गेज मलाच लावून द्यायचेत आणि मी नीटच देणार, तिथे चुकीचा माल गेला तर ते मलाच सहन होणार नाही. रात्री बसून लिहिल्यावर एवढं तरी शांत झालं डोकं. पण सोमवारी सरांकडे जाऊन एकच विचारणार आहे, सर, लाईनवरच्या नक्की कोणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा, मी त्याच्याशी बोलते.