रास्त्यांची मोतीबाग

वाईला येणारा पर्यटक ढोल्या गणपतीचे दर्शन घेतो, कृष्णेच्या घाटावर चार फोटो काढतो आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या वाटेला लागतो. ज्या रास्ते घराण्याच्या पैशातून ते देऊळ १७६२ साली उभे राहिले, त्या घराण्याने स्वतःच्या निवांतपणासाठी काय बांधले होते, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. मी या खेपेस त्यासाठीच मोतीबागेत गेलो.

रास्ते मूळचे गोखले. भिकाजी नाईक रास्ते हे सावकार होते. त्यांची कन्या गोपिकाबाई १७३० साली नानासाहेबांना दिली, ते पुढे पेशवे झाले, आणि सावकारीत नाव कमावलेले हे घराणे सरदारकीत स्थिरावले. (पेशव्यांची सासुरवाडी म्हणून या गावाला मिळालेला मान वाईकर आजही आवर्जून सांगतात.) गणपतीची स्थापना गणपतराव रास्त्यांनी केली, तर शेजारचा काशीविश्वेश्वर आनंदरावांचा, १७५७ सालचा. देवळांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला. गणपतीच्या देवळाची मागची भिंत तर पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकारात बांधलेली आहे.

मोतीबागेतला वाडा त्या मानाने साधाच वाटतो, आणि मला तो त्यामुळेच अधिक आवडला. येथे लोकांना दिपवण्याचा हेतू दिसत नाही. जे काही वैभव आहे ते आतल्या भिंतींवर आहे. चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेल्या पौराणिक चित्रांपैकी एका स्त्रीच्या नथीतला एकेक मोती चितारी किती बारीक कुंचल्याने टिपून गेला आहे, हे अगदी जवळ गेल्यावरच कळते. त्याच चित्राच्या खाली, हात पोहोचेल अशा उंचीवर, कोणा प्रेमवीराने खिळ्याने बदाम कोरून आपले नाव लिहिले आहे, आणि तेथे गिलाव्याचा पोपडा सुटून आतली वीट दिसू लागली आहे. ओल आणि काळ यांच्यापुढे आपले फारसे चालत नाही, हे मान्य. परंतु खिळा काही पावसाबरोबर येत नाही.

जाणाऱ्यांनी आधी परवानगी काढावी आणि सकाळीच जावे. उन्हे तिरपी असतात तेव्हा रंग स्पष्ट दिसतात, आणि तेथून मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहण्यासही वेळ उरतो.