चुंबकाने ओढायचं नाही, फक्त वळवायचं

चुंबकी सूक्ष्म रोबो म्हटलं की वाटतं, बाहेरून चुंबक धरायचा आणि औषध लादलेला कण कर्करोगाच्या गाठीपर्यंत ओढत न्यायचा. गणित तिथेच फसतं. कणाची त्रिज्या दहापट कमी केली की चुंबकी ओढ हजारपट घटते, द्रवाचा विरोध मात्र दहापटच. म्हणजे वेग शंभरपट खाली! केशवाहिनीत मावेल एवढा कण ओढायला मग अवाढव्य चुंबक लागतो.

माँट्रियलच्या पॉलिटेक्निकमधल्या सिल्व्हेन मार्टेल यांच्या गटाने इंजिनच जिवंत घेतलं: एमसी-१ हा समुद्री जिवाणू. त्याच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाच्या स्फटिकांची माळ असते, होकायंत्राच्या काट्यासारखी. बाहेरच्या सौम्य चुंबकी क्षेत्राने फक्त तोंड वळवायचं, पोहायचं काम त्याच्या शेपट्यांचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकेका जिवाणूच्या अंगावर सुमारे ७० लिपोसोम (औषध भरलेल्या चरबीच्या पिशव्याच म्हणा) चिकटवले आणि हे जिवाणू उंदरांना शिरेतून न देता थेट गाठीलगत टोचले. कारण वाहत्या रक्ताशी झुंजायची या जिवाणूंची ताकद नाही.

शेवटचा टप्पा चुंबकाच्या हातात नसतोच. गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजनची चणचण असते, आणि या जिवाणूला नेमकं तेच मानवतं. तो आपणहून आत शिरतो. मोठ्या आतड्याच्या मानवी कर्करोगपेशींपासून वाढवलेल्या त्या गाठींत ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू ऑक्सिजन तुटलेल्या भागात पोचले.

घोडं अडतं ते तापमानापाशी. शरीराच्या ३७ अंशांत त्यांचा वेग मिनिटागणिक उतरत जातो. म्हणून टोचल्याबरोबर क्षेत्र गाठीवर रोखलेलं हवं. जुळवाजुळव आधीच उरकून ठेवायची.