खातं बंद करतानाचे तीस दिवस

आई भाकरी थापत होती आणि मी ओट्याला टेकून रील्स बघत होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आहेराची साडी आणायला कधी जायचं?" मी विचारलं, "कुणाच्या आहेराची?"

"काल तासभर सांगितलं की रे तुला. तासगावच्या मावशीच्या पोरीचं जमलंय. हूं हूं म्हणत होतास." ती चिडली नाही. तिला याची सवय झाली होती, आणि तेच मला लागलं.

रात्री फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये बघितलं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मिळून दिवसाला 4 तास 40 मिनिटं!

याआधी दोनदा फेसबुक डिअ‍ॅक्टिव्हेट केलं होतं. पण पुन्हा लॉगइन केलं की सगळं जिथल्या तिथं. एकदा चार दिवस टिकलो, एकदा दीड. या खेपेला दोन्ही खाती कायमची काढायची ठरवली. आधी फोटो उतरवून घेतले. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीतून होडी फिरत होती, ते फोटो दुसरीकडे कुठंच नव्हते. दोन्ही अ‍ॅपच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमधून मागणी टाकली की आपल्या माहितीची फाइल तयार होऊन मिळते. खातं काढणाऱ्यांनी हे आधी करावंच. डिलीट केल्यावर 30 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात लॉगइन करून निर्णय फिरवता येतो, म्हणून कस लागतो तो या तीस दिवसांत.

पासवर्ड लांबलचक केला आणि चिठ्ठी आईकडे दिली. तिनं ती देव्हाऱ्यात, करंड्याखाली ठेवली. पहिला आठवडाभर अंगठा आपोआप स्क्रीनच्या त्याच कोपऱ्यात जायचा. अ‍ॅप काढून टाकलेलं, तरी जायचा. सिग्नलला, लिफ्टमध्ये, जेवताना पाणी प्यायला थांबलो तरी. बाराव्या रात्री राहवेना. आईला चिठ्ठी मागितली. "आता रात्रीचं कशाला? सकाळी देते." ओटीपी मागवून आत जाता आलं असतं, ठाऊक होतं मला. तरी तसाच झोपलो. सकाळी मागितली नाही.

आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची रीत पाडली. ते आठवून आम्हीही सात ते साडेआठ फोन फ्रिजवर ठेवायला लागलो. भोंगा नाही, पण आईचा आवाज पुरतो.

तोटाही झाला. शाळेतल्या एका मित्राचे वडील गेले, ते मला नऊ दिवसांनी कळलं. बातमी फेसबुकवर होती. धावत घरी गेलो, उशीर झाला म्हणून माफी मागितली. आता जवळच्या पंधरावीस जणांना स्वतःहून फोन करतो. याला वेळ लागतो, आणि मी तो देतो.

तीस दिवस होऊन गेले. परवा फोन फ्रिजवर असताना आई 2005 च्या पुराचं सांगत होती. घरात पाणी शिरलं तेव्हा आजीनं धान्याच्या पोत्यांआधी शेळी माळ्यावर चढवली होती म्हणे. हे तिनं मला आधी कधी सांगितलं होतं का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. शेळीचं पुढं काय झालं, ते मात्र विचारलं.