तासाभराचा प्रयोग आणि चार मिनिटांचा तुकडा

मेलबर्न इंटरनॅशनल कॉमेडी फेस्टिव्हलच्या गाला कार्यक्रमाचे प्रक्षेपण अनेक वर्षे ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर होत आले आहे आणि प्रत्यक्ष महोत्सवाला न जाणाऱ्या बहुतेक प्रेक्षकांची त्याच्याशी ओळख तेवढीच राहते. सेंट किल्डा भागातील पॅले थिएटरच्या भव्य रंगमंचावर एकामागून एक कलाकार येतात, आपले हमखास हशा मिळवणारे चार विनोद सादर करतात आणि पुढच्या कलाकारासाठी जागा मोकळी करतात. ऑक्सफॅम ऑस्ट्रेलिया या सेवाभावी संस्थेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने अनेक वर्षे चालत आलेला हा कार्यक्रम मी आवडीने पाहतो, आणि अनेक कलाकारांची नावे मला त्यातूनच कळली आहेत. तरीही गाला म्हणजे महोत्सव नव्हे. महोत्सवाचा जीव एकट्या कलाकाराने बांधलेल्या तासाभराच्या प्रयोगात असतो, आणि दूरचित्रवाणीला ही कला खरोखर दाखवायची असेल तर तो तास अखंड दाखवण्यावाचून दुसरा मार्ग नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा तास कसा घडतो ते आधी पाहिले पाहिजे. १९८७ साली बॅरी हम्फ्रीज आणि पीटर कुक या विनोदी कलाकारांच्या हस्ते सुरू झालेला हा महोत्सव दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तीन आठवड्यांहून अधिक काळ चालतो. स्वॉन्स्टन स्ट्रीट आणि कॉलिन्स स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरचे मेलबर्न टाउन हॉल हे त्याचे केंद्र. त्या दिवसांत या इमारतीतील नगरपरिषदेचे सभागृह, जेवणाची खोली, इतकेच काय, कोट आणि छत्र्या ठेवण्याची खोलीसुद्धा नाट्यगृह होते. अशा एखाद्या लहानशा खोलीत, पहिल्या रांगेतील प्रेक्षकाचे गुडघे रंगमंचाला टेकतील इतक्या जवळ, एक कलाकार तोच प्रयोग रोज रात्री करत राहतो. अनेकांचा प्रयोग त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये अ‍ॅडलेड फ्रिंज या महोत्सवात होऊन गेलेला असतो आणि काहींचा पुढे ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एडिंबराच्या महोत्सवापर्यंत जातो. या प्रवासात वाक्ये गळतात, थांबे बदलतात, सुरुवातीचा विनोद शेवटाकडे सरकतो आणि दहाव्या मिनिटाला सहज उच्चारलेला शब्द पन्नासाव्या मिनिटाला परत येऊन सगळे प्रेक्षागृह हलवून सोडतो. त्या परतण्यातील आनंद गालाच्या चार मिनिटांच्या तुकड्यात मावणे शक्यच नाही.

याचा सर्वांत सबळ पुरावा हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’ने दिला आहे. टास्मानियातील स्मिथटन या लहान गावातून आलेल्या गॅड्सबी यांच्या या प्रयोगाला २०१७ मध्ये मेलबर्नच्या महोत्सवाचा सर्वोत्कृष्ट प्रयोगाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी एडिंबरातील मुख्य पुरस्कार जॉन रॉबिन्स यांच्यासह विभागून मिळाला, आणि सिडनी ऑपेरा हाउसमध्ये चित्रित केलेला प्रयोग जून २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात सुरुवातीला बसथांब्यावरचा एक प्रसंग येतो. एक तरुण गॅड्सबी यांना पुरुष समजून, आपल्या मैत्रिणीशी लगट केल्याच्या संशयावरून मारायला धावतो आणि मग समोर स्त्री आहे हे कळल्यावर माफी मागून मागे हटतो. प्रेक्षक मनापासून हसतात. बऱ्याच वेळानंतर गॅड्सबी त्याच प्रसंगाकडे वळतात आणि सांगतात की गोष्ट तिथे संपली नव्हती; तो तरुण परत आला, त्याने बेदम मारले आणि कोणीही मध्ये पडले नाही. विनोदाला दोनच भाग लागतात, तर गोष्टीला आरंभ, मध्य आणि शेवट असे तीन भाग असतात आणि विनोदासाठी आपण आपल्याच गोष्टीचा शेवट कापत आलो, हे त्यांचे म्हणणे तेव्हा आपल्याला नुसते समजत नाही, तर लागते. कारण तासाच्या सुरुवातीला आपण स्वतः हसलेलो असतो. या प्रयोगाचा पहिला तुकडा एखाद्या गालात दाखवला असता, तर तो उत्तम विनोद ठरला असता आणि त्याच वेळी असत्यही ठरला असता. २०१९ मध्ये या प्रयोगाच्या लेखनाला एमी हा अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला तो योग्यच होता, कारण त्यातील सारी ताकद क्रमात आहे, आणि क्रम म्हणजेच लेखन.

मात्र अखंड तास दाखवणे म्हणजे खोलीत कॅमेरा ठेवून निघून जाणे नव्हे. अशा चित्रीकरणासाठी बहुधा दोन प्रयोग टिपले जातात, कलाकार दोन्ही वेळी तेच कपडे घालतो आणि संकलक दोहोंतील सरस भाग जोडतो. इथे मोठी जोखीम असते. जिवंत प्रयोगात हशा किती वेळ टिकू द्यायचा हे कलाकार ठरवतो. संकलनाच्या टेबलावर ते दुसऱ्याच्या हाती जाते. हशा ओसरण्याआधीच पुढचे वाक्य आणले की प्रयोग धापा टाकू लागतो. हसणाऱ्या प्रेक्षकांचे चेहरे वारंवार दाखवण्याची सवय तर मला फार खटकते. घरी बसलेल्या माणसाला कुठे हसायचे ते शिकवावे लागत नाही. त्याला हवा असतो तो कलाकाराचा चेहरा आणि खोलीचा आवाज. जाहिरातींचा प्रश्नही लहान नाही. एबीसीवर जाहिराती नसल्यामुळे प्रयोगाचा ताण मध्येच तुटत नाही, आणि या कलेसाठी सार्वजनिक वाहिनी हेच योग्य घर आहे असे मला वाटते, त्याचे हेही एक कारण.

शरीराने विनोद करणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. लॅनो आणि वुडली या जोडीने १९९४ साली एडिंबरात पेरियर पुरस्कार, म्हणजे तिथला मुख्य पुरस्कार, मिळवला होता. पुढे बराच काळ वेगळे राहून ते पुन्हा एकत्र आले आणि ‘फ्लाय’ या प्रयोगात त्यांनी राइट बंधूंची कथा आपल्या पद्धतीने मांडली. एक जण पडत असताना दुसरा कसा उभा आहे यातच त्यांचा निम्मा विनोद असतो, म्हणून दोघेही नखशिखांत दिसतील इतक्या दुरून ते टिपावे लागतात. टॉम वॉकर यांच्या मूकाभिनयालाही हेच लागू आहे. उलट सेलिया पॅकोला किंवा जुडिथ लुसी बोलत असताना कॅमेरा जितका जवळ जाईल तितके चांगले, कारण त्यांच्या भुवईची हालचाल मोठ्या सभागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही आणि पडद्यावर मात्र पोहोचते.

हे सर्व कलाकार अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर २०२० मध्ये आलेल्या दहा ऑस्ट्रेलियन स्टँडअप प्रयोगांत होते. मेलबर्नच्या मॉल्टहाउस थिएटरमध्ये चित्रित झालेल्या या मालिकेत झोई कूम्ब्स मार, अ‍ॅन एडमंड्स, दिलरुक जयसिंह, टॉम ग्लीसन, अ‍ॅलिस फ्रेझर आणि टॉमी लिटल यांचेही प्रयोग आहेत. त्याच वर्षी साथीमुळे महोत्सव रद्द झाला आणि कलाकारांनी तयार केलेले प्रयोग प्रेक्षकांविना राहिले. त्या काळात भरलेल्या सभागृहातील हशा ऐकणे मला किती मोलाचे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. एकदा प्रक्षेपित झालेला प्रयोग कलाकाराला पुन्हा गावोगाव घेऊन फिरता येत नाही, कारण विनोदाचा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक झालेला असतो. म्हणून चित्रीकरण दौऱ्याच्या अखेरीस व्हावे, प्रयोग पूर्ण पिकल्यावर.

राहता राहिला प्रश्न कोणाचे तास दाखवायचे हा. याच महोत्सवाच्या रॉ कॉमेडी या नवोदितांच्या स्पर्धेत गॅड्सबी २००६ मध्ये विजयी झाल्या होत्या, म्हणजे ‘नॅनेट’च्या अकरा वर्षे आधी. नवोदितांची काही मिनिटे दूरचित्रवाणी दाखवते आणि नामवंतांचे तास स्ट्रीमिंग कंपन्या विकत घेतात. परंतु मधल्या ज्या दहा-अकरा वर्षांत कलाकार तास बांधायला शिकतो, ती वर्षे क्वचितच टिपली जातात. एबीसीने ‘कॉमेडी नेक्स्ट जेन’ या शीर्षकाखाली नव्या पिढीचे पूर्ण प्रयोग दाखवले होते, आणि तो मार्ग अगदी योग्य होता. गालाच्या प्रक्षेपणाबरोबर त्याच मोसमात असे चार-पाच पूर्ण तास दर वर्षी दाखवले जावेत, आणि त्यांची निवड तिकीटविक्रीवरून न करता प्रयोगाच्या बांधणीवरून व्हावी.