मच्छरदाणीत शिरलेली पाकोळी

सोमवारी आमच्या ओपीडीत कुत्रा चावलेल्यांची रांग मोठी असते. शनिवार-रविवारचे साठलेले पेशंटही त्याच दिवशी येतात. अशाच एका सोमवारी जावळी तालुक्यातल्या डोंगरकडेच्या वाडीतलं एक कुटुंब रांगेत बसलं होतं. आजी, आबा, सून, बारा वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात. कुत्रा कुणालाच चावलेला नव्हता. पहाटे चारच्या सुमाराला नात रडत उठली, सुनेनं दिवा लावला, तर मच्छरदाणीच्या आत पोरीच्या डाव्या पायाशी जाळीच्या चुणीत एक पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, अडकून फडफडत होती. आबा सोप्यातून धावत आले, उघड्या हातानं तिला पकडलं आणि खिडकीतून बाहेर सोडून दिलं.

सुनेनं पहिला प्रश्न विचारला तो निपाह विषाणूचा. "डॉक्टर, महाबळेश्वरच्या वटवाघळांत सापडला होता ना तो?" भीती अनाठायी नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाहचे पुरावे मिळाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं आणि सातारा जिल्ह्यात घरोघरी त्याची चर्चा झाली. पण निपाह पसरतो तो प्रामुख्याने वटवाघळाच्या लाळेनं किंवा लघवीनं दूषित झालेल्या अन्नातून, बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातून, आजारी डुकरांपासून आणि आजारी माणसाच्या निकट सहवासातून. उष्टी फळं खाऊ नका, ताप आला तर लगेच दाखवा, एवढं सांगून तो विषय थांबवला. त्या सकाळी तातडीनं निर्णय घ्यायचा होता तो रेबीजचा.

इथं डॉक्टरांचाही गोंधळ होतो, कारण दोन बाजूंनी दोन गोष्टी कानावर येतात. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांचा सूर असा, की भारतात वटवाघळामुळे माणसाला रेबीज झाल्याचं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ते खरंच आहे. आपल्याकडे रेबीजनं माणसं मरतात ती जवळपास सगळी कुत्र्यामुळे. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी झालेला थेट संपर्क सरळ तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरते, आणि तिसऱ्या श्रेणीला लस आणि सीरम (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) दोन्ही लागतात. शिवाय आपला शेजारही कोरा नाही. श्रीलंकेत फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातला गन्नोरुवा नावाचा विषाणू सापडला, तो 2016 मध्ये नोंदवला गेला. नागालँडच्या वटवाघळांत या कुळाविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. "सिद्ध झालेलं नाही" याचा अर्थ "नाही" असा घेऊन चार वर्षांच्या पोरीला घरी पाठवणं मला पटत नाही. एका पारड्यात चार टोचण्या आणि दुसऱ्यात असा आजार, ज्यात लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारायचे. त्या प्राण्याचा अंगाला स्पर्श झाला का? आणि झाला असता तर हे माणूस ते खात्रीनं सांगू शकलं असतं का? चाव्याची खूण शोधणं त्यानंतर. कौलांत राहणारी ही किडेखाऊ पाकोळी तीन-चार ग्रॅमची, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याएवढ्या वजनाची. तिचे दात सुईच्या टोकासारखे असतात. खूण राहिलीच तर मिलिमीटरभराचे एक-दोन ठिपके, आणि तेही काही तासांत दिसेनासे होतात.

नातीच्या अंगावर टॉर्च आणि भिंग घेऊन पाहिलं. डाव्या घोट्याभोवती डासांनी चावून, खाजवून लाल झालेले सात-आठ फोड होते. त्यातला एखादा दाताचा नाही असं कोण सांगणार? खूण दिसली नाही म्हणून लस दिली नाही, याचं ताजं उदाहरण कॅनडातलं आहे. 2024 मध्ये ऑन्टारिओ प्रांतात एका लहान मुलाचा रेबीजनं मृत्यू झाला. मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं होतं, आईवडिलांनी अंग तपासलं, चाव्याची खूण आढळली नाही. तिथल्या वटवाघळांत रेबीज मुरलेला आहे, आपल्याकडे तसं दिसलेलं नाही, हा फरक मी सुनेला सांगितला. पण झोपलेलं मूल, बंद मच्छरदाणी आणि त्याच मच्छरदाणीत वटवाघूळ, हे तिन्ही एकत्र आल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. नातीला लस आणि सीरम दोन्ही.

आजी त्याच मच्छरदाणीत झोपलेल्या. "मला काय चावलं न्हाय," असं ठामपणे म्हणाल्या. जाग्या मोठ्या माणसाच्या अशा शब्दाला मी वजन देतो. पण आजी झोपेत होत्या, आणि केसपेपर भरताना कळलं की सांधेवातासाठी त्या मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतात. मेथोट्रेक्सेटनं प्रतिकारशक्ती दबते, आणि क्लोरोक्विनच्या जातीच्या गोळ्यांमुळे कातडीत दिलेली लस कमी काम करते. म्हणून त्यांना लस स्नायूत, दर वेळी पूर्ण वायल (कुपी), पाच डोस: 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. सोबत सीरम. चालू गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं.

आबांचं चित्र स्पष्ट होतं, फक्त ते चुन्याखाली झाकलेलं होतं. "पाकुळी हुती वो, चिमटा काढल्यागत झालं," म्हणत त्यांनी उजवी तर्जनी पुढे केली. वर हळद आणि चुन्याचा वाळलेला थर. तो भिजवून काढला, मग बोट नळाखाली धरून साबणानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतलं. पेराच्या कडेला टोचल्यासारखे दोन ठिपके दिसले. पहाटेची जखम दहा वाजता धुऊन काय उपयोग, असं नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं विचारलं. उपयोग आहे. विषाणू जखमेत असेपर्यंत साबणाचं पाणी त्याला मारतं, म्हणून उशीर झाला तरी धुवायचंच. नंतर पोव्हिडोन आयोडिन लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. चुना, तिखट, तेल यांनी जखम भाजते, विषाणू मात्र आत राहतो.

सुनेनं जाळी बाहेरून उचलली, पाकोळीला हात लावला नाही, आणि ती पूर्ण जागी होती. नातू बंद दाराआड सोप्यात झोपलेला. त्याला आईपासून बाजूला घेऊन विचारलं, कारण ओरडा बसेल म्हणून पोरं लपवतात. खिडकीबाहेर पडलेल्या पाकोळीला बोट लावलंस का? नाही, लांबून बघितली. दोघांना काही दिलं नाही. घरात वटवाघूळ दिसलं म्हणून घरातल्या सगळ्यांना टोचायचं नसतं. छपराला लटकलेलं किंवा खोलीत घिरट्या घालून गेलेलं, जाग्या माणसानं नुसतं पाहिलेलं वटवाघूळ हा संपर्क नव्हे.

आता सीरमचा हिशेब, कारण इथं सर्वांत जास्त वाया जातं. आमच्याकडे घोड्यापासून केलेलं सीरम होतं, 5 मिलिलीटरच्या वायलमध्ये 1500 युनिट, म्हणजे मिलिलीटरला 300. मात्रा किलोला 40 युनिट. (मानवी सीरम असेल तर किलोला 20.) नात 14 किलोची: 560 युनिट, 1.87 मिलिलीटर. आजी 52 किलो: 2080 युनिट, 6.93 मिलिलीटर. आबा 58 किलो: 2320 युनिट, 7.73 मिलिलीटर. सरळ बेरीज केली तर साडेसोळा मिलिलीटर, चार वायल. पण ही वजनावरची मात्रा म्हणजे कमाल मर्यादा आहे. सीरमचं काम जखमेत, आणि बोटाच्या पेरात मावणार तरी किती? आबांना 26 नंबरच्या सुईनं ठिपक्यांच्या आत आणि भोवती 0.7 मिलिलीटर भरलं. बोट पांढरं पडतंय का, आबांना ठणका लागतोय का, ते पाहत हळूहळू. बोटात जोर लावून जास्त भरलं तर आतल्या दाबानं रक्तप्रवाहच अडतो. दिसणाऱ्या जखमेत भरल्यावर उरलेलं सीरम दंडात टोचायची जुनी पद्धत आता सांगितली जात नाही.

नात आणि आजींना मात्र जखमच दिसत नव्हती. अशा वेळी, आणि वटवाघळाच्या बाबतीत खास करून, सीरम संशयित जागेच्या जवळच्या स्नायूत द्यायचं असतं. पाकोळी नातीच्या डाव्या पायाशी होती, म्हणून तिला डाव्या मांडीत बाहेरच्या बाजूला दोन ठिकाणी विभागून दिलं. आजींना दोन्ही मांड्यांत मिळून चार टोचण्या. लस सगळ्यांना दंडात, म्हणजे सीरम आणि लस एका जागी येत नाहीत. तिघांचं मिळून साडेनऊ मिलिलीटर झालं, दोन वायलमध्ये भागलं. प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सिरिंज, आणि सीरमची जोराची ॲलर्जी उठलीच तर म्हणून आधीच भरून ठेवलेलं ॲड्रिनॅलिन: मोठ्यांसाठी 0.5 मिलिलीटर, नातीसाठी 0.14. तिघांनाही तासभर समोरच्या बाकावर बसवून ठेवलं. त्या दिवशी सीरम नसतं तर लस सुरू करून साताऱ्याला पाठवलं असतं. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं, त्यानंतर नाही.

आबा आणि नातीला लस कातडीत दिली, दोन्ही दंडांवर एकेक टोचणी, प्रत्येकी 0.1 मिलिलीटर. मूल असो की मोठं माणूस, मात्रा तीच. वायल अर्ध्या मिलिलीटरची असो की एकची, तरी तीच. घोळ होतो तो इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये. 100 युनिटच्या, केशरी टोपणाच्या सिरिंजवर 0.1 मिलिलीटर म्हणजे 10 युनिटची रेघ. 40 युनिटच्या, लाल टोपणाच्या सिरिंजवर तीच मात्रा 4 युनिटला येते. लाल सिरिंज हातात घेऊन सवयीनं दहाच्या रेघेपर्यंत भरली तर अडीचपट लस जाते आणि दिवसअखेर वायल पुरत नाही. उलट चुकलं, केशरीत चारपर्यंतच भरलं, तर पेशंटला निम्म्याहून कमी मिळते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सुईचं तिरकं तोंड वर, कातडी ताणलेली, सुई जवळजवळ आडवी. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगा उठला पाहिजे. फुगा न उठता लस आत उतरली किंवा बाहेर ओघळली, तर तो डोस धरायचा नाही, शेजारी पुन्हा द्यायचा.

मिसळलेली लस 2 ते 8 अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून काही ठिकाणी पेशंट एकटाच असला की "उद्या या, आणखी दोघं जमू द्या" असं सांगून परत पाठवतात. याचा मला मनापासून राग आहे. एका माणसासाठी वायल फोडावी लागली तर फोडायची. वाडीवरून एसटीनं आलेलं माणूस उद्या येतंच असं नाही.

तारखा कार्डावर वारासह लिहून दिल्या, कारण "तिसरा दिवस" मोजताना माणसं चुकतात. पहिला डोस म्हणजे शून्य दिवस. सोमवारी सुरू केलं तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी, चौथा चार आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी. आजींचा दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारचा एक जादा. चौथ्या डोसाला गळती सर्वांत जास्त होते, म्हणून सुनेचा फोन नंबर आशाताईंच्या वहीत उतरवून घेतला.

आबांचा शेवटचा प्रश्न रास्त होता: दहा दिवस वाट बघून चालणार नाही का? चावलेल्या प्राण्यावर दहा दिवस नजर ठेवायचा तो नियम फक्त कुत्र्या-मांजराचा, तोही लस सुरू करून, प्राणी डोळ्यांसमोर असताना. वटवाघळाला तो लागू नाही. पाकोळी सुटून गेली नसती तर तपासता आली असती. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 2021 मध्ये ऐंशीपुढच्या एका गृहस्थांना जाग आली तेव्हा वटवाघूळ मानेवर होतं. ते तपासलं, त्यात रेबीज निघाला, पण त्यांनी लस नाकारली, महिनाभरानं लक्षणं सुरू झाली आणि ते गेले. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविज्ञान संस्थेत अशी तपासणी होते. ती मेंदूवर होते, म्हणून चपलेनं किंवा झाडूनं डोकं ठेचलेलं वटवाघूळ निरुपयोगी. उघड्या हातानं धरायचं नाही, वर डबा पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा. मेलेलं असेल तर दोन पिशव्यांत घालून बर्फावर ठेवायचं, फॉर्मॅलिनमध्ये नाही. मात्र अहवालाची वाट पाहत लस थांबवायची नाही.

घराचं म्हणाल तर माळ्यावर आढ्यापाशी कौलं सरकली होती, तिथून ती आत येत असणार. फटी बुजवायच्या त्या अंधार पडून सगळ्या पाकोळ्या बाहेर गेल्यावर, आणि आधी पिल्लं नाहीत हे पाहून. नाहीतर आत कोंडलेल्या पाकोळ्या वाट शोधत थेट माजघरात उतरतात. मच्छरदाणी दिवस मावळायच्या आत गादीखाली खोचायची, आणि झोपण्याआधी आतून एकदा टॉर्च फिरवायची.

कार्ड तिघांनीही जपून ठेवायचं आहे. पूर्ण कोर्स झालेल्या आबांना किंवा नातीला उद्या गावातलं कुत्रं चावलं, तर जखम धुऊन लसीचे फक्त दोन डोस लागतील, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागणार नाही. आजींच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना मात्र पुन्हा पूर्ण उपचारच द्यावा लागेल, म्हणून त्यांच्या कार्डावर गोळ्यांची नावं लाल शाईनं लिहिली.